चित्र तुटतंय? आधी मेमरीचा हिशेब मांडा

कॅमेरा एकटा लावला तर नीट चालतो. फिल्टर एकटा तपासला तर बरोबर उत्तर देतो. पडद्यावर टेस्ट पॅटर्न स्वच्छ दिसतो. तिन्ही एकत्र जोडून प्रोसेसरला वर थोडं काम दिलं की मात्र चित्र तुटायला लागतं, आणि तोवर सबमिशन आठवड्यावर आलेलं असतं. व्हीएनआयटी असो की हिंगणा रोड, काटोल रोडवरची महाविद्यालयं, नागपुरात शेवटच्या वर्षाला एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) व्हिडिओचा प्रोजेक्ट घेणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. मग कोडमधली चूक शोधण्यात रात्री जातात. खरं तर दर सेकंदाला मेमरीतून किती बाइट ये-जा करणार आहेत, हे कुणी मोजलेलंच नसतं.

हा लेख त्या मोजणीसाठी आहे. हातात बोर्ड नसला तरी चालेल; पहिल्या दोन पायऱ्यांना वही आणि कॅल्क्युलेटर पुरेसे आहेत.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. व्हरायटी चौकातली वाहनं मोजायची आहेत. कॅमेरा १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम. त्यावर कडा शोधणारा फिल्टर. पडदा १०८०पी, सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा. चित्राच्या वर वाहनांचा आकडा आणि वेळ दाखवणारा ग्राफिक्सचा थर. बोर्डावर झिंक-७०२० चिप (एफपीजीए आणि प्रोसेसर एकातच) आणि १६ बिट रुंदीची डीडीआर३ मेमरी, वेग सेकंदाला १०५ कोटी ट्रान्स्फर. अशा जोडीचे बोर्ड महाविद्यालयांत बरेच दिसतात.

(जाता जाता एक सांगतो. तुमच्या बोर्डावर एचडीएमआयच्या तारा थेट एफपीजीएच्या पिनांना जोडलेल्या असतील, तर १०८०पी ६० ला प्रत्येक तारेवर १४८५ मेगाबिटचा वेग लागतो आणि या चिपच्या सर्वांत हळू श्रेणीच्या पिनांची अधिकृत मर्यादा ९५० आहे. चालताना दिसलं तरी त्यावर विसंबू नका. वेगळी एचडीएमआय ट्रान्समीटर चिप असलेला बोर्ड घ्या, नाहीतर ७२०पी वर या.)

पायरी १ : फ्रेम किती बाइटची, ते काढा

१९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. एका पिक्सेलला किती बाइट लागतात, ते रंगाच्या मांडणीवर ठरतं. ४:२:२ मांडणीत २ बाइट, ४:२:० मध्ये सरासरी दीड, आणि पारदर्शकतेसकट आरजीबीला ४. आपला कॅमेरा ४:२:२ देतो असं धरलं तर एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटची होते.

एफपीजीएच्या पोटातली ब्लॉक-रॅम किती? झिंक-७०२० मध्ये ३६ किलोबिटचे १४० ब्लॉक, म्हणजे सगळे मिळून ६३० किलोबाइट. एका फ्रेमचा सहावा हिस्साही त्यात मावत नाही. त्यामुळे आख्खी फ्रेम ठेवायची तर बाहेरच्या डीडीआरमध्येच, आणि डीडीआरकडची प्रत्येक खेप मोजूनच.

पायरी २ : खेपा मोजा

इथे घाई करू नका, सगळ्या लेखाचा जीव या पायरीत आहे. फ्रेम मेमरीत जितक्या वेळा लिहिली जाते आणि जितक्या वेळा वाचली जाते, तितक्या खेपा. एक मेगाबाइट म्हणजे दहा लाख बाइट धरून आपल्या चौकाचा हिशेब असा :

कॅमेऱ्याचं लिहिणं, सेकंदाला ३० फ्रेम : १२४.४ मेगाबाइट
फिल्टरचं वाचणं : १२४.४
फिल्टरचं लिहिणं : १२४.४
पडद्याचं वाचणं, सेकंदाला ६० वेळा : २४८.८
ग्राफिक्सचा थर, पिक्सेलला ४ बाइट, ६० वेळा : ४९७.७

बेरीज सेकंदाला सुमारे ११२० मेगाबाइट.

आता मेमरीची ताकद. १६ बिट म्हणजे २ बाइट, गुणिले १०५ कोटी, म्हणजे २१०० मेगाबाइट. हा आकडा पाहून हायसं वाटतं, पण तो कागदावरचा आहे. वाचणं थांबवून लिहिणं सुरू करताना वेळ जातो, मेमरीतला एक रो, म्हणजे एक रांग, बंद करून दुसरा उघडताना वेळ जातो, रिफ्रेशमध्ये, म्हणजे मेमरीतला विद्युतभार पुन्हा भरण्यात, जातो. व्हिडिओच्या मिश्र कामात ६० ते ६५ टक्के हाती येतात असं धरून चाला, म्हणजे १२६० ते १३६५. याचा अर्थ आपलं ११२० बसतं, पण काठोकाठ.

आणि इथेच कुणीतरी प्रोसेसरवर एक साधी मेमकॉपी लिहितं. कॅमेऱ्याची फ्रेम एका जागेवरून दुसऱ्या जागी, फक्त सोयीसाठी. कॉपी म्हणजे एक वाचणं आणि एक लिहिणं, किमान २४८.८ मेगाबाइट. बेरीज १३६८ वर गेली. कोडची एक ओळ, आणि चित्र तुटलं.

या क्षणी हात आपोआप बफरकडे, म्हणजे माहिती थोडा वेळ साठवणाऱ्या जागेकडे, जातो. फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारा छोटा बफर) मोठा करू, फ्रेम बफर तीनचे पाच करू, असं वाटतं. उन्हाळ्यात नळालाच पाणी कमी येत असेल तर गच्चीवर दुसरी टाकी बसवून घरातलं पाणी वाढत नाही. बफरचंही तसंच आहे. थोडा वेळ मेमरी अडली तर तो तेवढा वेळ निभावून नेतो. सरासरीच कमी पडत असेल तर मोठा बफर फक्त थोडा उशिरा रिकामा होतो. म्हणून फिफोला हात लावण्याआधी खेपा कमी करा.

पायरी ३ : खेपा कमी करा

सगळ्यात मोठा आकडा कुणाचा, ते पाहा. कॅमेऱ्याचा नाही, ग्राफिक्सच्या थराचा आहे. आकडा आणि वेळ दाखवायला पडद्याची वरची १२० ओळींची पट्टी पुरते, पण आपण १०८० ओळी सेकंदाला ६० वेळा वाचतोय आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पारदर्शक, म्हणजे रिकामा आहे. थर फक्त पट्टीपुरता ठेवला की ४९७.७ चे ५५.३ होतात. एका फटक्यात ४४२ मेगाबाइट वाचले, तेही फिल्टरच्या गणिताला धक्का न लावता.

दुसरा नंबर फिल्टरचा. तीन बाय तीनच्या फिल्टरला आख्खी फ्रेम कधीच लागत नाही. आधीच्या दोन ओळी आणि चालू ओळ एवढंच लागतं. कॅमेऱ्याकडून येणारे पिक्सेल थेट फिल्टरमध्ये घ्या आणि मागच्या दोन ओळी ब्लॉक-रॅममध्ये धरून ठेवा. कडा शोधायला फक्त उजळपणा लागतो, पिक्सेलला एक बाइट. म्हणजे दोन ओळींचे ३८४० बाइट. एक ब्लॉक त्याला पुरतो (३६ किलोबिटांतले ३२ डेटाचे धरले तर तो ४ किलोबाइटचा). ब्लॉकला दोन पोर्ट असतात, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला दोन वाचणं आणि दोन लिहिणं एका ब्लॉकमध्ये कोंबण्यापेक्षा प्रत्येक ओळीला स्वतंत्र ब्लॉक द्या; डिझाइन सोपं होतं. पाच बाय पाचचा फिल्टर असेल तर चार ओळी. फिल्टर असा मधल्यामध्ये बसवला की त्याच्या दोन्ही खेपा, म्हणजे २४८.८ मेगाबाइट, सरळ गायब होतात.

मोजणी करणाऱ्या प्रोसेसरला तरी पूर्ण फ्रेम कशाला? त्याच वाटेवर चित्र दोन्ही बाजूंनी चौथाई करून ४८० बाय २७० चं, एका बाइटचं, वेगळं लिहा. सेकंदाला ३० फ्रेमचे मिळून ४ मेगाबाइटही होत नाहीत. वाहन मोजायला ते पुष्कळ झालं, आणि मेमकॉपीची गरजच उरत नाही.

नवी बेरीज : १२४.४ अधिक २४८.८ अधिक ५५.३, म्हणजे ४२८.५. वर प्रोसेसरचे चार-आठ मेगाबाइट. ११२० वरून आपण निम्म्याच्याही खाली आलो.

पायरी ४ : फ्रेम बफर तीन ठेवा

कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, पडद्याचं वेगळं. ३० आणि ६० कागदावर जुळतात, प्रत्यक्षात किंचित सरकत राहतात. एकच बफर असेल तर कॅमेरा लिहीत असतानाच पडदा तीच फ्रेम वाचतो, आणि धावत्या बसचा वरचा अर्धा भाग एका जागी, खालचा दुसऱ्या जागी दिसतो. दोन बफर ठेवले तर एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं, आणि कॅमेरा थांबत नाही. तीन असले की कॅमेऱ्याला लिहायला एक नेहमी मोकळा मिळतो, पडद्याकडे पूर्ण झालेला एक असतो, आणि तिसरा सर्वांत ताजा म्हणून तयार राहतो. तिन्ही मिळून साडेबारा मेगाबाइटच्या आत. बोर्डावर ५१२ मेगाबाइट असताना जागेची चिंता करू नका. महाग आहे ती ये-जा, जागा नाही.

डीएमएला (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीत ने-आण करणाऱ्या भागाला) बफरचे पत्ते देताना ओळीची लांबी ३८४० बाइट आहे हे लक्षात ठेवा, आणि प्रत्येक बफरची सुरुवात ४०९६ च्या पटीत घ्या. एएक्सआयचा (चिपच्या आतल्या माहितीच्या वाटेचा) कोणताही बर्स्ट, म्हणजे एका मागणीतली सलग खेप, ४ किलोबाइटची सीमा ओलांडू शकत नाही. वाकड्यातिकड्या पत्त्यावर सुरुवात केली तर बर्स्टचे तुकडे पडतात.

एच.२६४ डिकोडर (दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणारा) वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. तो चित्र १६ बाय १६ च्या ठोकळ्यांत सोडवतो आणि १०८० ला १६ ने भाग जात नाही. त्यामुळे डिकोडर १०८८ ओळी लिहितो. बफर १०८० ओळींचाच ठेवला तर शेवटच्या ८ ओळी शेजारच्या मेमरीवर सांडतात, आणि बिघाड भलतीकडेच उगवतो. खेपांचा हिशेबही तिथे वेगळा. अर्ध्या-पाव पिक्सेलच्या हालचालीसाठी सहा-टॅपचा, म्हणजे सहा शेजारी पिक्सेल वापरणारा, फिल्टर असतो, त्यामुळे ४ बाय ४ च्या ठोकळ्याला ९ बाय ९ पिक्सेल वाचावे लागतात. १६ पिक्सेलच्या कामाला ८१, म्हणजे पाचपट. डिकोडरच्या आत वाचलेला भाग धरून ठेवणारी कॅश का असते, ते या एका आकड्यात आहे.

पायरी ५ : आता फिफोचा आकार

खेपा आवाक्यात आल्यावरच फिफोचं गणित करा, आणि ते सरासरीवर नाही, सगळ्यात वाईट क्षणावर करा. १०८०पी ६० चं पिक्सेल घड्याळ १४८.५ मेगाहर्ट्झ. ग्राफिक्सची पट्टी दिसत असताना तिला पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे त्या क्षणी ५९४ मेगाबाइटचा वेग. बेरजेत ५५.३ दिसत असलं तरी पट्टीच्या ओळींवर मागणी ही आहे.

मेमरी जास्तीत जास्त किती वेळ अडू शकते? दुसऱ्यांचे बर्स्ट, रिफ्रेश, वाचण्या-लिहिण्यातली अदलाबदल धरून २ मायक्रोसेकंद समजू. तेवढ्या वेळात पडदा २९७ पिक्सेल, म्हणजे ११८८ बाइट खातो. त्यात एक बर्स्ट मिळवा. झिंक-७००० च्या वेगवान पोर्टवर (एफपीजीएकडून मेमरीकडे जाणाऱ्या वाटेवर) तो जास्तीत जास्त १६ बीटचा (बीट म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यातली खेप), बीटला ८ बाइट, म्हणजे १२८ बाइट. एकूण १३१६. ब्लॉक-रॅमचा एक ब्लॉक ४ किलोबाइटचा असतो, तो पूर्ण द्या आणि पुढे चला. दोन ओळींच्या मधल्या २८० पिक्सेलच्या मोकळ्या वेळेत, म्हणजे १.९ मायक्रोसेकंदात, फिफो पुन्हा भरून निघतो. म्हणून वाचणाऱ्या डीएमएला ओळ सुरू होण्याची वाट पाहायला लावू नका.

पोर्टांबद्दल नवख्यांचा एक गोड गैरसमज असतो. वेगवान पोर्ट चार आहेत म्हणून मेमरी चौपट मिळत नाही, डीडीआर एकच. शिवाय ० आणि १ हे पोर्ट आत जाऊन मेमरी कंट्रोलरची एकच वाट वापरतात, तसेच २ आणि ३. पडद्याचं वाचणं ० वर आणि कॅमेऱ्याचं लिहिणं २ वर ठेवा. दोन्ही ० आणि १ वर लावून उरलेले रिकामे ठेवणारे डिझाइन मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दर वेळी दोन तारा हलवायचंच काम असतं.

पायरी ६ : मेमरीला सलग वाचायला द्या

डीडीआर३ च्या १६ बिटी चिपमध्ये एक रो २ किलोबाइटचा. उघडलेल्या रोमधून सलग वाचलं की पूर्ण वेग मिळतो. पण एकाच बँकेतला (मेमरीच्या एकाच विभागातला) दर वेळी वेगळा रो मागितला, तर उघडणं-बंद करणं मिळून सुमारे ५० नॅनोसेकंद लागतात आणि हाती एक छोटा बर्स्ट, १६ बाइट येतात. म्हणजे सेकंदाला ३२० मेगाबाइट. तीच चिप, तेच घड्याळ, २१०० चे ३२०.

हे घडतं कधी? चित्र नव्वद अंशांत फिरवताना, म्हणजे उभ्या रांगेने वाचताना. आणि तिथे त्या १६ बाइटमधले तुम्हाला फक्त २ हवे असतात, म्हणजे उपयोगाचे राहिले ४० मेगाबाइट. यावर उपाय ठरलेला आहे : १६ बाय १६ चा ठोकळा आडवा सलग वाचून ब्लॉक-रॅममध्ये आणा, तिथे फिरवा आणि पुन्हा आडवा सलग लिहा. उभं वाचणं चिपच्या आत करा. बाहेरच्या मेमरीकडे कधीच नको.

पायरी ७ : आधी कुणाला, ते ठरवा

कॅमेरा थांबत नाही, पडदाही थांबत नाही. बाकी सगळे थांबू शकतात. क्रम इतकाच आहे. कॅमेऱ्याचा फिफो अर्ध्याच्या वर भरला किंवा पडद्याचा अर्ध्याच्या खाली गेला की त्यांची मागणी तातडीची समजा; एरवी प्रोसेसरला त्याचं काम करू द्या. सतत सर्वोच्च प्राधान्य देऊन ठेवलं तर प्रोसेसर उगाच रखडतो.

पायरी ८ : प्रोसेसरची कॅश

ग्राफिक्सची पट्टी प्रोसेसर लिहितो आणि पडद्याचा डीएमए वाचतो. प्रोसेसरने लिहिलेलं काही वेळ त्याच्या कॅशमध्येच असतं, डीडीआरपर्यंत पोचलेलंच नसतं. झिंकमधल्या कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे कॅशमधला एक तुकडा, ३२ बाइटची आहे. त्यामुळे पिक्सेलला ४ बाइट असलेल्या पट्टीवर बरोबर ८ पिक्सेल लांबीच्या आडव्या चिरा दिसतात, जुन्या आकड्याचे तुकडे नव्या आकड्यात अडकल्यासारखे, आणि थोड्या वेळाने आपोआप जातात. असं दिसलं की बँडविड्थ (मेमरीचा दर सेकंदाचा वेग) शोधत बसू नका. लिहून झाल्यावर कॅश फ्लश करा, म्हणजे तिच्यातलं डीडीआरमध्ये उतरवा, किंवा ती जागा कॅशबाहेर ठेवा. उलट दिशेला, डीएमएने लिहिलेलं प्रोसेसरने वाचण्याआधी इनव्हॅलिडेट करा, म्हणजे कॅशमधली जुनी प्रत रद्द करा.

पायरी ९ : नवतपा

हे बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही, पण आपल्याकडे हवंच. डीडीआर३ ला दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश द्यावा लागतो. ४ गिगाबिटच्या चिपला प्रत्येक रिफ्रेशला २६० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३.३ टक्के वेळ जातो. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की विद्युतभार लवकर गळतो, आणि नियम सांगतो की रिफ्रेश दर ३.९ मायक्रोसेकंदांनी द्या. मग ६.७ टक्के जातात. आपल्या मेमरीवर ही वाढीव घट सेकंदाला सुमारे ७० मेगाबाइटची.

नवतपात, म्हणजे मे अखेरीस, नागपूरचा पारा ४५ च्या आसपास, कॅमेऱ्याची बंद पेटी खांबावर, त्यावर दुपारचं थेट ऊन, आत एफपीजीएची स्वतःची उष्णता. ८५ तिथे दूर नसतं. विवाडो या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये झिंकच्या डीडीआर सेटिंगमध्ये तापमानाची निवड आहे आणि ती मुळात ८५ पर्यंतचीच असते. चौकात लावायचं असेल तर ती वरची करा आणि हिशेबातून ते ७० वजा करा. सेटिंग तशीच ठेवली तर बँडविड्थ वाचेल, पण बिट बदलतील, आणि तो बिघाड संध्याकाळी ऊन उतरलं की नाहीसा होऊन तुम्हाला वेड लावेल. झिंक चिपची श्रेणीही पाहा. शिकायच्या बोर्डांवर बहुधा ८५ पर्यंतची व्यावसायिक श्रेणी असते. बाहेर लावायला १०० पर्यंतची औद्योगिक श्रेणी घ्या. पेटीवर छोटं छप्पर आणि आरपार हवा, हे दोन्हींपेक्षा स्वस्त.

पायरी १० : मोजून खात्री करा

प्रत्येक फिफोला दोन रजिस्टर जोडा. एकात तो किती वेळा रिकामा पडला किंवा ओसंडला, दुसऱ्यात आजवरची सर्वांत कमी, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला सर्वांत जास्त, पातळी. चार-पाच ओळींचं व्हेरिलॉग (हार्डवेअर लिहायच्या भाषेतला कोड) आहे, पण याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. डोळ्याला चित्र स्वच्छ दिसत असतानाही पातळी शून्याला टेकून आली असेल तर ते रजिस्टर सांगतं.

मग मुद्दाम त्रास द्या. प्रोसेसरच्या दोन्ही कोअरवर मोठी मेमकॉपी गोल गोल फिरवत ठेवा, कॅमेऱ्यासमोर खूप हालचाल ठेवा, आणि बोर्ड कूलरसमोरून उचलून दुपारी बंद खोलीत रात्रीपर्यंत चालू सोडा. रिकामा पडण्याचा आकडा शून्य आणि सर्वांत कमी पातळी पाव फिफोच्या वर राहिली तर डिझाइन बसलं. पातळी पावच्या खाली गेली पण शून्याला लागली नाही तर कोण अडवतंय ते शोधा. बहुधा एखाद्याचे बर्स्ट लहान असतात. शून्याला लागलीच तर पायरी २ ची बेरीज पुन्हा मांडा, कुठलीतरी खेप त्यात लिहायची राहिली आहे.

चित्र बिघडलंच तर आधी ते नीट पाहा. आडवी रेघ पडून वरचा-खालचा भाग सरकला, तर फ्रेम बफरची अदलाबदल चुकते आहे. एखाद्या ओळीपासून पुढचं सगळं चित्र डावी-उजवीकडे सरकून तसंच राहिलं, तर फिफो एकदा रिकामा पडला आणि ओळींची जुळणी सुटली. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला फिफो रिकामा करून पुन्हा भरा, म्हणजे बिघाड निदान एका फ्रेमपुरता राहील. चित्र तिरकं वाहत गेलं, तर ओळीची लांबी दोन ठिकाणी वेगळी लिहिली आहे, एकीकडे ३८४० आणि दुसरीकडे ४०९६. हिरव्या-जांभळ्या छटा आल्या तर रंगाचे बाइट एकाने सरकले आहेत, आणि मेमरीचा त्यात काही दोष नाही.